नृत्यातले प्राणी: चाल, पोशाख आणि मुखवटा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाचात प्राण्याचं पात्र आहे असं ठरलं की पहिला फोन बहुतेक वेळा शिंप्याला जातो. कान, शेपूट, पंख सगळं शिवून येतं आणि मग चाल बसवायला घेतली की ती त्या पोशाखात मावत नाही. नृत्य शिकवताना आणि बसवताना मला याबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे देते आहे. शास्त्रीय, लोकनृत्य, बॅले, समकालीन अशा कुठल्याही शैलीत काम करणाऱ्याला ती उपयोगी पडावीत.

प्राण्याचं पात्र उभं करायचं तर सुरुवात कुठून करायची?

वजनापासून. हा प्राणी जमिनीवर किती भार टाकतो आणि तो भार कुठून कुठे सरकवतो, एवढंच आधी पाहा. हत्ती कितीही घाईत असला तरी त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटत नाहीत. म्हणजे हत्ती करणाऱ्या नर्तकाला उडी नाही. त्याला फक्त एका पायावरून दुसऱ्या पायावर पूर्ण भार उतरवायचा आहे आणि तो उतरेपर्यंत पुढचं पाऊल उचलायचं नाही. याउलट हरीण उभं असतं तेव्हाही निघायच्या तयारीत असतं. त्याचं वजन कुठल्याच पायावर पुरतं टेकलेलं नसतं.

माझ्या वर्गात मी पहिले दोन-तीन दिवस हात वापरूच देत नाही. हात पाठीमागे बांधून सभागृहाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. बघणाऱ्यांना नेमका प्राणी ओळखता आला नाही तरी चालेल. ‘काहीतरी जड आहे, शांत आहे, कुणाला घाबरत नाही’ इतकं त्यांच्यापर्यंत पोचलं की पाया झाला.

आणि शब्दांकडे लक्ष द्या. दबा धरणं, कान टवकारणं, अंग चोरणं, फणा काढणं, शेपूट घालणं, मान टाकणं. आपल्या भाषेने प्राण्यांच्या हालचाली फार बारकाईने टिपून ठेवल्या आहेत. सिंहावलोकन हा शब्द आपण आढावा या अर्थाने रोज वापरतो, पण मुळात ती एक हालचाल आहे: चालता चालता थांबून मागे वळून टाकलेली सिंहाची नजर. नर्तकाला ‘सिंहासारखा चाल’ म्हटलं तर तो गोंधळतो. ‘सहा पावलं चाल, थांब, वळून बघ, कुणी मागे येतंय का याची तुला पर्वा नाही’ असं सांगितलं की लगेच कळतं.

हुबेहूब नक्कल करायची की सूचक ठेवायचं?

सूचक. एक किंवा दोन लकबी निवडा, पण त्या अचूक निवडा.

माझ्या एका विद्यार्थ्याकडे बगळ्याची भूमिका होती. पहिल्या तालमीला त्याने हात पसरून पंख फडफडवले, मान लांब केली, चोचीसारखी बोटं केली, सगळं केलं, आणि बगळा काही दिसेना. मी त्याला म्हटलं, पाण्याकाठी जाऊन अर्धा तास नुसता बघत बस. तो परत आला आणि एक पाय पोटाशी घेऊन उभा राहिला. काहीच करेना. मग पाय इतक्या हळू खाली आणला की बोटं आधी मिटलेली होती आणि जमिनीजवळ येताना उलगडली. पाण्याला कळू नये म्हणून बगळा तसाच पाय टाकतो. एवढ्या एका उलगडणाऱ्या पावलावर सगळं पात्र उभं राहिलं. पंख आम्ही नंतर पूर्ण काढून टाकले.

शास्त्रीय नृत्यात हस्तमुद्रा आहेतच. त्या दाखवल्या की काम भागतं ना?

मुद्रा म्हणजे नाव झालं. प्राणी दिसायला बाकीचं अंग लागतं.

भरतनाट्यमसारख्या शैली ज्या ‘अभिनयदर्पण’ या ग्रंथाचा आधार घेतात, त्यातच याचा पुरावा आहे. मधलं बोट आणि अनामिका अंगठ्याला टेकवून तर्जनी व करंगळी ताठ ठेवली की सिंहमुख हस्त होतो. या एकाच हाताच्या विनियोगांत, म्हणजे सांगितलेल्या वापरांत, सिंहाचं तोंड आहे, हत्ती आहे आणि ससाही आहे. हरीण दाखवायलाही हाच हात सर्रास वापरतात. मग प्रेक्षकाला सिंह आणि ससा वेगळे कसे कळतात? हात कुठल्या उंचीवर आहे, मनगट कसं वळतं, पावलं किती लांब पडतात आणि डोळे कुणाला शोधत आहेत, यावरून.

याच ग्रंथात दहा गती सांगितल्या आहेत: हंसी, मयूरी, मृगी, गजलीला, तुरंगिणी, सिंही, भुजंगी, मंडूकी, वीरा आणि मानवी. मोजून बघा, दहापैकी आठ चाली प्राण्यांच्या आहेत. मयूरीचं वर्णन तर फारच नेमकं आहे. चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही हातांत कपित्थ हस्त (मूठ वळून अंगठ्यावर तर्जनी वाकवलेली) धरायचा आणि एकेक गुडघा आळीपाळीने हलवायचा. घरी करून पाहा. टाचा उचललेल्या आणि गुडघे एकामागून एक हलणारे असले की छाती आपोआप पुढे येते आणि मानेला डौल येतो. अनामिका अंगठ्याला टेकवून केलेला मयूर हस्त त्यावर आला की मग तो खरा शोभतो.

नजरेला एवढं महत्त्व का देतात?

कारण प्रेक्षक आधी डोळेच बघतो आणि प्राण्यांचे डोळे आपल्यासारखे चालत नाहीत.

बहुतेक पक्ष्यांना बुबुळं फारशी फिरवता येत नाहीत, म्हणून ते सगळं डोकंच फिरवतात. पक्षी करणाऱ्या नर्तकाने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं की तिथेच माणूस उघडा पडतो. कबुतर चालताना मान पुढे फेकतं आणि अंग मागून येऊन पोचेपर्यंत डोकं जागच्या जागी धरून ठेवतं. ती ‘धरून ठेवण्याची’ मात्रा सोडली तर नुसती मान हलवणारा माणूस दिसतो. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे नागाच्या भूमिकेत पापणी न लवणं हा मेकअपपेक्षा मोठा परिणाम आहे. त्याची सवय हळूहळू करावी लागते. आधी आठ मात्रा, मग सोळा.

शिकाऱ्याचे डोळे समोर असतात, भक्ष्याचे बाजूला. वाघाची नजर एका बिंदूवर टेकते आणि अंग तिच्या मागे ओढलं जातं. हरणाला सगळीकडचं थोडं थोडं दिसत असतं, म्हणून ते समोर न बघताही सावध असतं. हे लक्षात ठेवलं तर दोघं एकाच वेळी रंगमंचावर आली की वेगळा प्रसंग रचावाच लागत नाही.

चार पायांचा प्राणी दोन पायांच्या माणसाने कसा करायचा?

हा सगळ्यांत अवघड आणि म्हणून सगळ्यांत रंजक प्रश्न आहे. माणसाचे पाय हातांपेक्षा लांब असतात. त्यामुळे आपण चार पायांवर उतरलो की कंबर वर आणि डोकं खाली जातं, आणि कुठलाही रुबाबदार प्राणी तसा दिसत नाही. यातून सुटण्याचे तीन रस्ते मला माहीत आहेत.

पहिला, हात लांब करणं. १९९७ साली ब्रॉडवेवर आलेल्या ‘द लायन किंग’ या संगीतिकेत ज्युली टेमर यांनी जिराफांसाठी कलाकारांच्या हातांना आणि पायांना काठ्या लावल्या. दुसरा, दोन माणसांचा मिळून एक प्राणी करणं. चीनमधलं सिंहनृत्य आणि बालीतला बारोंग तसे आहेत. एक डोकं चालवतो, दुसरा पाठ आणि मागचे पाय. यात मागच्या नर्तकाचं कौशल्य कुणाला दिसत नाही, पण सिंह जिवंत वाटतो तो त्याच्यामुळे. पुढच्याने श्वास घेतला की मागच्याची पाठ फुगली पाहिजे.

तिसरा रस्ता मला सगळ्यांत आवडतो: चार पाय दाखवायचेच नाहीत, त्यांचा परिणाम दाखवायचा. मांजर किंवा वाघ दबकत चालताना पाहा. त्याच्या खांद्याची हाडं उरलेल्या सांगाड्याला हाडाने जोडलेली नसतात, स्नायूंनी धरलेली असतात. म्हणून प्रत्येक पावलाला एकेक खांदा पाठीच्या वर उचलला जातो. उभ्या नर्तकाने गुडघे मऊ ठेवून, पाठ किंचित पुढे झुकवून नुसती खांद्याची पाती आळीपाळीने वर सरकवली तरी मार्जारकुळातला प्राणी दिसतो. पंजे उगारून गुरगुरायची गरज पडत नाही. ते उगारलेले पंजे मी कित्येक वर्षं पाहते आहे आणि त्यातून वाघ निघालेला एकदाही पाहिला नाही.

घोड्याला लयीतून पकडा. त्याची साधी चाल चार ठोक्यांची, दुडकी दोन ठोक्यांची, त्याहून वेगाची धाव तीन ठोक्यांची, आणि चौखूर उधळला की पुन्हा चार ठोके, पण फार जवळजवळ. तबला किंवा ढोलकीवाल्याला हे सांगून ठेवा. पायांनी ठोके बरोबर दिले तर वरचं अंग साधं राहिलं तरी चालतं.

पंख कसे दाखवायचे?

पाठीतून. हात हलवून पंख दिसत नाहीत. हालचाल पाठीच्या मधोमध सुरू व्हावी, खांद्याच्या पात्यातून दंडात यावी, मग कोपर, मनगट आणि शेवटी बोटं. मनगट वर जाताना मागे राहतं आणि खाली येताना पुन्हा मागे राहतं, कारण हवेचा दाब असतो. बादलीत पाणी भरून त्यात हात वर-खाली करून बघा, मनगट आपसूक शिकेल.

मिखाइल फोकीन यांनी आना पावलोवासाठी रचलेला मरणाऱ्या हंसाचा छोटा बॅले याचं उत्तम उदाहरण आहे. संगीत सँ-साँ यांच्या १८८६ सालच्या रचनेतलं. पाय जवळजवळ पूर्ण वेळ चवड्यांवर बारीक बारीक पावलं टाकत राहतात, पाण्यावर तरंगल्यासारखे. सगळं नाट्य हातांत आणि मानेत आहे.

त्याच पक्ष्याकडे अगदी वेगळ्या नजरेने पाहता येतं. मॅथ्यू बोर्न यांनी १९९५ मध्ये ‘स्वान लेक’ हा हंसांचा प्रसिद्ध बॅले पुरुष हंसांना घेऊन केला. उघडी छाती, गुडघ्यापर्यंत पिसांसारख्या झिरमिळ्यांची विजार आणि कपाळावरून नाकाकडे उतरणारी काळी रेघ. तलम झग्यातला नाजूक हंस आपण इतका पाहिला होता की हंस हा ताकदवान, अंगावर धावून येणारा पक्षी आहे हे विसरलो होतो. त्या विजारीमुळे मांड्यांची ताकद दिसते आणि पाय आपटले की झिरमिळ्या एक क्षण उशिरा थांबतात.

मर्स कनिंगहॅम यांच्या १९९१ सालच्या ‘बीच बर्ड्स’ या नृत्यरचनेत तर एकही पीस नाही. अंगावर घट्ट पांढरा पोशाख, आणि वरच्या भागात हातांसह बोटांपर्यंत काळा रंग. हात पसरले की पांढऱ्यावर काळी आडवी रेघ उमटते आणि डोळ्यांना किनाऱ्यावरचे पक्षी दिसतात. पोशाखाने हालचालीला किती मदत करायची याचा मला माहीत असलेला हा सर्वांत सुंदर नमुना आहे.

मोराचा पिसारा पाठीवर बांधायचा की कमरेला?

कमरेला, आणि शक्यतो उघडमीट होणारा. मोराचा पिसारा ही त्याची शेपूट नसते, शेपटीच्या वरची पिसं लांब वाढलेली असतात. खरी शेपूट आखूड असते आणि पिसाऱ्याला मागून टेकू देते. तुमचा सांगाडाही तसाच करा: मागे आखूड, ताठ आधार आणि पुढे हलका पिसारा. नाचताना मोर फारसा धावत नाही. तो जागच्या जागी सावकाश वळतो आणि पिसारा थरथरवतो. ती थरथर कमरेतून येऊ द्या आणि पिसाऱ्याच्या काड्या लवचीक निवडा, म्हणजे टोकांपर्यंत ती पोचेल.

मुखवटा घ्यावा की रंगभूषा करावी?

चेहऱ्यावर काय दाखवायचं आहे त्यावर ठरवा. मुखवटा घातला की चेहरा संपतो आणि त्याचं सगळं काम मान, छाती आणि पाय यांच्यावर येतं. पूर्व भारतातल्या छाऊ नृत्याच्या तीन शैलींत हे फार स्पष्ट दिसतं. सराईकेला आणि पुरुलिया छाऊमध्ये मुखवटे आहेत, मयूरभंज छाऊमध्ये नाहीत. सराईकेलाचा मयूर पाहिला तर स्थिर मुखवटासुद्धा बदलतो असं वाटतं: मान खाली गेली की खिन्न, थोडी तिरपी झाली की गर्विष्ठ. डोक्याचा कोन हाच तिथे अभिनय असतो, त्यामुळे मुखवट्याची तालीम आरशासमोर स्वतंत्रपणे करावी लागते.

कथकळीत हनुमानाची वेशभूषा ‘वेळ्ळताडी’ म्हणजे पांढऱ्या दाढीची असते, तर वाली-सुग्रीव लाल दाढीचे. चेहरा रंगवलेला, पण डोळे, भुवया, गाल मोकळे. म्हणून त्यात बारीक भाव मावतात.

तिसरा मार्गही आहे. मेक्सिकोतल्या याकी लोकांच्या हरीणनृत्यात नर्तक हरणाचं डोकं स्वतःच्या डोक्यावर बांधतो. माणसाचा चेहरा खाली, हरणाचा वर. घोट्यांना वाळक्या कोशांच्या माळा आणि हातांत भोपळ्याचे खुळखुळे असल्यामुळे हरीण दिसण्याबरोबर ऐकूही येतं. दोन चेहरे एकाच वेळी दिसणं प्रेक्षकाला खटकत नाही. थोड्या वेळाने तो वरच्याकडेच बघायला लागतो.

मुखवट्यात दिसत नाही, श्वास कोंडतो. काय करावं?

मुखवटा पहिल्या आठवड्यातच हातात पाहिजे, रंगवलेला नसला तरी चालेल. मी हे एकदा चुकवलं होतं. वाघाचं फोमचं डोकं प्रयोगाच्या आदल्या दिवशी आलं. दिसायला देखणं. मुलगी ते घालून नाचायला लागली आणि दुसऱ्याच आवर्तनात तालातून सुटली. तिच्यासारखी पक्की मुलगी तालाला चुकते हे पटेना. डोकं काढल्यावर म्हणाली, “ताई, मला सम ऐकूच येत नाहीये.” कानांवर दोन बोटं जाडीचा फोम होता. आम्ही वाघाच्या कानांमागे, बाहेरून दिसणार नाहीत अशी दोन भोकं पाडली आणि आत काळी जाळी चिकटवली. तेव्हापासून माझ्या यादीत डोळे, नाक आणि कान तिन्ही असतात.

डोळ्यांची भोकं बऱ्याचदा मुखवट्याच्या डोळ्यांत नसून त्याच्या नाकपुड्यांत किंवा तोंडात सोयीची पडतात. पायाखालचं दिसत नसेल तर रंगमंचाच्या कडेला जाड दोरी चिकटवा, म्हणजे तळव्याला कड कळते. आतल्या बाजूला घाम टिपणारं सुती कापड लावा आणि ते सुटं ठेवा, धुता येईल असं.

शेपूट मध्ये मध्ये येते. कशी लावावी?

आपल्या भाषेत पाठीच्या कण्याच्या शेवटच्या हाडाला माकडहाड म्हणतात. शेपूट तिथूनच निघाली पाहिजे. वर कमरेवर लावली तर ती पिशवीसारखी लोंबते. पोशाखाला शिवू नका. आतून रुंद पट्टा बांधा आणि शेपूट त्याला लावा, म्हणजे कंबर हलली की ती हलेल आणि ओढ बसली तर कापड फाटणार नाही. लांबी इतकी ठेवा की उकिडवं बसल्यावर टाचेखाली येणार नाही. तालमीत पहिल्या दिवसापासून ओढणी किंवा दोर बांधून नाचा. मागे काहीतरी आहे ही जाणीव आली की वळणं बदलतात, गिरकी थोडी रुंद होते, आणि तोच खरा फायदा.

कापड आणि रंग कसे निवडावे?

कापड हातात धरून झटका. प्राण्याच्या हालचालीसारखं ते थांबतं का, तेवढं बघा. सापाला अंगाबरोबर ताणलं जाणारं लायक्रा, पक्ष्याला मागे रेंगाळणारी जाळी किंवा शिफॉन, अस्वलाला वजन असलेलं लोकरी कापड. पट्टे-ठिपके जवळून छान दिसतात पण शेवटच्या रांगेतून त्यांचा चिखल होतो, म्हणून ते खऱ्यापेक्षा मोठे आणि कमी काढा. पट्टे स्नायूंच्या वळणाने गेले तर हालचाल ठळक होते, आडवेतिडवे गेले तर ती झाकली जाते.

खरी पिसं किंवा कातडी वापरावी का?

नको. ज्याचं सौंदर्य दाखवायचं त्यालाच इजा करून दाखवणं मला मान्य नाही. शिवाय कातरून दुमडलेलं कापड रंगमंचावर जास्त चांगलं उठतं.

कळप किंवा थवा कसा बसवावा?

सगळ्यांना एकच हालचाल देऊ नका, अंतर राखायचा नियम द्या. रोममधल्या साळुंकीच्या जातीच्या पक्ष्यांच्या थव्यांचा अभ्यास झाला आहे. त्यात प्रत्येक पक्षी आपल्या जवळच्या सहा-सात पक्ष्यांशी जुळवून घेतो असं दिसलं. नर्तकांनाही तेच सांगा: जवळच्यांपासून हातभर अंतर ठेवा, तो वळला की वळा. मोजून दिलेल्या हालचालींपेक्षा यातून निघणारी लाट फार जिवंत असते. याउलट ‘स्वान लेक’च्या १८९५ सालच्या रचनेत लेव इव्हानोव्ह यांनी चार हंसपिल्लांना हात गुंफून एकसारखं नाचवलं. तिथे एकमेकींना चिकटून राहणं हेच पिल्लूपण आहे, म्हणून ते चालून जातं.

पात्र अर्धं माणूस, अर्धं प्राणी असेल तर?

प्राणी कधी डोकावतो ते आधी ठरवा. हनुमान बुद्धिमान आहे, भक्त आहे, वीर आहे. त्याला सतत खाजवत ठेवलं तर पात्राचा अपमान होतो. पण रामाचं नाव ऐकून शांत बसलेला हनुमान, आणि पान हललं म्हणून मान चटकन तिकडे गेली, लगेच परत आला: एवढंच पुरतं. भावना तीव्र झाली की प्राणी वर येतो, असं मी साधारणपणे धरते. रागात, भीतीत, अत्यानंदात.

लहान मुलांना कसं शिकवावं?

करून दाखवू नका. तुम्ही दाखवलं की वीस मुलं तुमची नक्कल करतील, बेडकाची नाही. प्रश्न विचारा. बेडूक उडी मारायच्या आधी काय करतो? पाऊस आला तर मांजर कुठून पळेल, मधून की भिंतीच्या कडेने? उत्तरं शरीराने द्यायला लावा. पोशाख म्हणून फक्त एक वस्तू द्या, शेपटी किंवा कान, आणि बाकीचं मुलांवर सोडा.

अशा हालचालींनी दुखापत होते का?

होते, मुख्यतः गुडघे, मनगटं आणि मानेला. बेडकाच्या उकिडव्या उड्या आणि चार पायांवरचं चालणं एका तालमीत सलग दहा मिनिटांच्या वर नको. गुडघ्यांना पोशाखाच्या आतून पॅड लावा. जड मुखवटा असेल तर त्याचं वजन कपाळावर न येता डोक्याच्या मध्यावर आलं पाहिजे.

नाच संपल्यावर नमस्कार करताना प्राणीच राहायचं का?

मुखवटा असेल तर तो काढून हातात घ्यावा, जमिनीवर ठेवू नये, आणि माणूस म्हणून वाकावं. प्रेक्षकांना आतला चेहरा बघायचा असतो, घामाने भिजलेला असला तरी. त्या बगळ्याच्या मुलाला मुखवटाही नव्हता आणि पंखही. तो दोन्ही पायांवर नीट उभा राहिला, हात जोडले, आणि विंगेत जाताना पहिलं पाऊल पुन्हा बोटं मिटूनच उचललं.